संघ ठरण्याआधी बचावाची जुळवाजुळव

फैजपूर, सावदा, यावल या केळीच्या पट्ट्यात कबड्डीच्या स्पर्धांचा मोसम आला की एक गोष्ट नेहमी कानावर येते. 'चढाईला आपली पोरं आहेत, कोपऱ्याला कोणी मिळतो का बघा.' स्पर्धेच्या आदल्या दिवसापर्यंत शेजारच्या गावातून, तालीमीतून, महाविद्यालयाच्या संघातून एखादा भरवशाचा कोपरारक्षक मिळवण्यासाठी धावपळ चाललेली असते. चढाई करणारा गावात नावाजलेला असतो आणि टाळ्याही त्यालाच मिळतात. सामना मात्र पुष्कळदा घोट्याला हात घालणारा जिंकून देतो, हे जाणत्यांना ठाऊक असते. कोट्यवधी रुपयांच्या व्यावसायिक कबड्डीतही खटाटोप हाच आहे.

अमेरिकेतील फुटबॉलमध्ये या धावपळीला वेळापत्रक आहे. तेथील राष्ट्रीय लीगमध्ये प्रत्येक संघ सरावाला 90 खेळाडू बोलावतो आणि मोसम सुरू होण्यापूर्वी ऑगस्टअखेरीस ती संख्या 53 वर आणतो. या कपातीच्या तोंडावर संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. मोठी मागणी बचावाच्या पहिल्या फळीतील धिप्पाड खेळाडूंना असते, कारण प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य चेंडूफेक्याला चेंडू फेकण्याआधीच लोळवणारे खेळाडू मुळात थोडे असतात. 2018 मध्ये 1 सप्टेंबरला, म्हणजे ऐन कपातीच्या दिवशी, ओकलंड रेडर्सने करारावरून अडून बसलेला खलील मॅक शिकागो बेअर्सला देऊन टाकला. त्या मोसमात मॅकने एकट्याने साडेबारा वेळा चेंडूफेक्याला लोळवले, तर ओकलंडच्या अवघ्या संघाला ते 13 वेळाच जमले. सर्वांत कमी गुण देणारा संघ त्या वर्षी शिकागोचा ठरला.

आपल्याकडे 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये ही कपात वेगळ्या रूपात होते. कोणाला राखायचे आणि कोणाला मोकळे करायचे, याची यादी संघ लिलावापूर्वी जाहीर करतात. मोकळे झालेले खेळाडू लिलावात येतात. 2018 पासून आणखी एक सोय झाली. आपण सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेली अखेरची बोली मान्य करून त्याला परत घेण्याचा हक्क जुन्या संघाला मर्यादित प्रमाणात मिळाला. मात्र हा हक्क वापरायला थैलीत पैसे उरलेले असावे लागतात.

बचावपटू विकत घेणे चढाईपटू घेण्याइतके सरळ का नाही, हे खेळाच्या रचनेतच आहे. चढाईपटू एकटा जातो आणि एकटा परततो. बचाव सात जणांचा असतो. दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आत मध्यरक्षक, आणि हातात हात घालून केलेली साखळी. डाव्या कोपऱ्याने घोटा धरला की त्याच क्षणी शेजारच्याने अंगावर झेप घेतली पाहिजे. अर्ध्या क्षणाचा उशीर झाला तर चढाईपटू धरणाऱ्यासह दोघा-तिघांना घेऊन मध्यरेषा गाठतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेल्या पकडीला एक गुण अधिक मिळतो, म्हणून हरत चाललेला डाव सावरण्याची ताकदही बचावाकडेच असते. हा मेळ महिनोन्महिने एकत्र घाम गाळल्याशिवाय बसत नाही. लिलावात खेळाडू मिळतो, मेळ मिळत नाही.

याचा पहिला ठळक धडा यू मुंबाने दिला. 2015 मध्ये बंगळुरू बुल्सला 36-30 असे नमवून मुंबईने विजेतेपद मिळवले, तेव्हा कर्णधार अनुप कुमारच्या चढायांची वाहवा झाली. पण त्या संघाचा कणा होता मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही कोपऱ्यावरची जोडी, आणि त्यांच्या आत जीवा कुमार व आपला विशाल माने. 2016 च्या चौथ्या पर्वाआधी ही घडी विस्कटली. छिल्लरला बंगळुरूने 53 लाख रुपयांना घेतले. त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली होती आणि ती बचावपटूवर लागली, हे लक्षात ठेवण्याजोगे. आधीच्या तिन्ही पर्वांत अंतिम फेरी गाठणाऱ्या मुंबईला त्या पर्वात उपान्त्य फेरीही गाठता आली नाही. पुढे 2017 मध्ये हरियाणा स्टीलर्सने छिल्लर आणि नाडा या दोघांनाही घेतले. जोडीची किंमत उशिरा का होईना, कोणाला तरी कळली होती.

त्यानंतर इराणी बचावपटूंचे युग आले. 2018 च्या लिलावात यू मुंबाने फझल अत्राचलीसाठी 1 कोटी रुपये मोजले आणि बचावपटू कोटीच्या घरात गेला. 2022 मध्ये पुणेरी पलटणने त्याच्यावर 1 कोटी 38 लाख खर्च केले. त्याच्या नेतृत्वाखाली पुणे अंतिम फेरीत पोचले, पण जयपूरकडून 29-33 असे हरले. पुढच्याच वर्षी पुण्याने डाव्या कोपऱ्यासाठी मोहम्मदरेझा शाडलुईला 2 कोटी 35 लाखांना घेतले. संघाची सगळी थैली 5 कोटींची, म्हणजे जवळजवळ निम्मी रक्कम एका माणसावर! अनेकांनी तेव्हा भुवया उंचावल्या. शाडलुईने त्या पर्वात पकडींचे 99 गुण मिळवले आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणाला 28-25 असे हरवून पुणेरी पलटण प्रथमच विजेती ठरली. अर्थात अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत या मराठी मुलांचा आणि प्रशिक्षक बी. सी. रमेश यांचा त्यातला वाटा कमी नव्हता.

पुढच्या लिलावापूर्वी पुण्याने तरुण खेळाडूंची फळी राखली आणि शाडलुईला मोकळे केले. हिशेबाने पाहिले तर निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. एका नावावर निम्मी थैली अडकवण्यापेक्षा पाच-सहा घरची मुले राखणे शहाणपणाचेच. पण नेमक्या अंतिम सामन्यात पुण्याकडून हरलेल्या हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना उचलले. अकराव्या पर्वात अस्लम जायबंदी झाला, बचावाला आधार उरला नाही आणि गतविजेते बाद फेरीबाहेर राहिले. 29 डिसेंबर 2024 रोजी अंतिम सामना झाला तो पुण्याच्याच बालेवाडीत. हरियाणाने पाटण्याला 32-23 असे हरवले. पुण्याच्या मैदानावर शाडलुईने करंडक उचलला, पण अंगात सदरा दुसऱ्याच संघाचा होता.

या साऱ्यात ज्यांची नावे छापून येत नाहीत, त्यांचाही विचार व्हायला हवा. खालच्या गटातील बचावपटूला राखीव यादीत जागा मिळाली नाही आणि लिलावात बोली लागली नाही, तर तो मोसमच हातचा जातो. रेल्वे, पोलीस, बँका किंवा तेल कंपन्यांच्या संघात नोकरी असेल तर संसार चालतो. नसेल तर गावाकडचे शेत आणि जिल्ह्याच्या स्पर्धा. चढाईपटूच्या गुणांची आकडेवारी सहज डोळ्यांत भरते. शेजाऱ्याने पकड करावी म्हणून वाट अडवून उभ्या राहणाऱ्या मध्यरक्षकाच्या खात्यात मात्र काहीच जमा होत नाही, आणि कपातीची कुऱ्हाड बहुधा अशांवरच पडते. उत्तर महाराष्ट्रातून या लीगकडे डोळे लावून बसलेल्या मुलांना प्रशिक्षकांनी हे सांगायला हवे, कारण टाळ्यांच्या मोहाने जो तो चढाईच करायला धावतो.

2025 च्या बाराव्या पर्वासाठी हरियाणानेही शाडलुईला सोडले. गुजरात जायंट्सने 2 कोटी 23 लाख मोजले, तथापि या वेळी विजेतेपद त्याच्या मागे गेले नाही. पुणेरी पलटण मात्र आपल्या तरुणांसह पुन्हा अंतिम फेरीत पोचली. 31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीत दबंग दिल्लीने त्यांना 31-28 असे रोखले. दिल्लीच्या बचावात त्या रात्री पुण्याचा एके काळचा कर्णधार उभा होता, फझल अत्राचली.