नागपूर आणि जुन्या मोटारींची घरगुती जोडणी

जुनी मोटार पूर्ण खोलून घरच्या अंगणात पुन्हा जोडणे हे आज हौशी माणसाचे काम समजले जाते. त्याचा उगम मात्र टंचाईत आहे. भारतातला मोटारधंदाच मुळी जोडणीपासून सुरू झाला. परदेशातून सुटे भाग खोक्यांत भरून मुंबई बंदरात येत आणि इथे त्यांची गाडी उभी राही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला असा कारखाना काढला. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने माझगावात विलिस जीप याच पद्धतीने जोडायला घेतल्या.

नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद इथेच भरली आणि राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते अशी वर्गवारी करणारी वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ तीत आखली गेली. पुढे वाराणसी–कन्याकुमारी आणि हजिरा–कोलकाता हे दोन्ही महामार्ग या शहरात एकमेकांना छेदू लागले. कामठीची लष्करी छावणी, मनसर–कांद्री पट्ट्यातल्या मँगनीजच्या खाणी आणि भोवतालचे जंगल यांमुळे खडबडीत वाटेवर चालणाऱ्या गाडीला इथे कायम मागणी राहिली. महायुद्धानंतर लष्कराची शिल्लक वाहने लिलावात निघाली, तेव्हा डिस्पोजलची जीप ही मध्यमवर्गीय खरेदीदाराच्या आवाक्यातली वस्तू झाली.

खरे वळण १९५३ मध्ये आले. ज्या कंपन्यांकडे इथेच भाग बनवण्याचा आराखडा नाही त्यांनी नुसती जोडणी करू नये, असे सरकारने ठरवले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. मागे उरलेल्या शेव्हरले, फोर्ड गाड्यांचे भाग मिळणे दुर्मीळ झाले. नव्या गाड्यांत निवड मोजकीच राहिली: उत्तरपाऱ्याची ॲम्बेसेडर, कुर्ल्याची फियाट, मद्रासची स्टँडर्ड आणि महिंद्रची जीप. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे हातातली गाडी मोडीत काढणे कोणालाच परवडत नसे. इंजिन उतरवायचे, घासूनपुसून पुन्हा बसवायचे आणि आणखी काही वर्षे चालवायचे, हाच रिवाज पडला. एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेसारख्या ठिकाणी फिटरकाम करणारे कसबी हात शहरात होते.

घरगुती कामासाठी जीप सर्वांत सोयीची, याचे कारण तिच्या बांधणीत आहे. तिची बॉडी शिडीसारख्या चेसिसवर बोल्टांनी बसवलेली असते. बोल्ट काढले की चार माणसे ती उचलून बाजूला ठेवू शकतात आणि इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस सगळे उघडे पडते. ॲम्बेसेडर आणि फियाट यांची बॉडी व चेसिस एकसंध असल्याने तिथे काम आडवे-तिडवे होऊन, खाली झोपून करावे लागते. पान्यांचेही दोन संच लागतात. जीप आणि ॲम्बेसेडरचे नट इंची मापाचे, फियाटचे मिलिमीटरचे. चुकीचा पाना लावला की नटाचे कोपरे झिजून तो कायमचा अडकतो.

इंजिन जोडताना हौशी आणि मुरलेला मिस्त्री यांतला फरक दिसतो. सिलिंडर घासले गेले असतील तर ब्लॉक लेथवाल्याकडे बोअर करायला द्यावाच लागतो. मग वीस, चाळीस किंवा साठ हजारांश इंच मोठ्या मापाचे पिस्टन बसतात. त्यानंतरचे बहुतेक काम घरी होऊ शकते. मेन बेअरिंगची प्रत्येक कॅप मूळ जागीच आणि मूळ दिशेनेच बसली पाहिजे, म्हणून ती काढतानाच खूण करून ठेवायची. सिलिंडर हेडचे नट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे. एका टोकाकडून आवळत गेले की गॅस्केट असमान दबते आणि पाणी तेलात उतरते. शेवटी डिस्ट्रिब्युटर. विलिस जीप, ॲम्बेसेडर आणि फियाट या तिन्ही चार सिलिंडरी इंजिनांचा प्रज्वलनक्रम एकच आहे: १-३-४-२. पण पहिला पिस्टन वर आला म्हणजे तो दाबाच्याच फेरीत आहे असे नाही. एक्झॉस्टच्या फेरीत धरून डिस्ट्रिब्युटर बसवला की गाडी सुरू न होता कार्बुरेटरमधून भडका मारते. वर्षभर राबून जोडलेले इंजिन या एका चुकीने निकामी ठरवले जाऊ शकते. प्लग काढून त्या भोकावर अंगठा ठेवून हवेचा दाब पाहणे, एवढी साधी परीक्षा त्यावर पुरते.

नागपूरच्या हवेचाही या कामावर ठसा आहे. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेपेक्षा इथे पत्रा कमी गंजतो, म्हणून पन्नास वर्षांच्या गाडीचा सांगाडाही पुष्कळदा शाबूत सापडतो. उलट रबर आणि वायरिंग उन्हाने तडकते. बुश, होज पाइप, काचांची बीडिंग आणि संपूर्ण वायरिंग नवे घालण्याची तयारी ठेवावी लागते. पारा ४५ अंशांवर गेला की पेट्रोलपंप आणि कार्बुरेटर यांच्यामधल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी रस्त्यातच बंद पडते. पंपावर ओले फडके गुंडाळणे हा त्यावरचा जुना उपाय. नळी एक्झॉस्टपासून दूर वळवून घेणे हा त्याहून टिकाऊ उपाय, आणि जोडणीच्या वेळीच तो करता येतो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि टंचाई हळूहळू संपली. पुढे ‘पद्मिनी’ नावाने विकल्या जाणाऱ्या फियाटचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, ॲम्बेसेडरचे २०१४ मध्ये. गरज म्हणून शिकलेले काम तिथून हौसेचे झाले. भाग मिळवण्याच्या वाटा फारशा बदलल्या नाहीत: जुन्या दुकानातला पडून राहिलेला माल, कबाड्याकडची दुसरी गाडी, नाही तर लेथवर करून घेतलेला तुकडा.

कायद्याने या हौसेला २०२१ मध्ये स्वतंत्र जागा दिली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी वा मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची असते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही मुख्य अट आहे. पेट्रोल महाग म्हणून डिझेल इंजिन चढवलेल्या जुन्या जीप तिथेच अडकतात. म्हणून गाडी खोलायला घेणाऱ्याने पहिला पाना लावण्याआधी चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि आरसी बुक जुळवून पाहावे. मूळ इंजिन कितीही झिजलेले असले तरी ते भंगारात देऊ नये; ते बोअर करून पुन्हा उभे करता येते.