‘लोक काय म्हणतील?’ ही भीती येते कुठून? समजून घ्या समाजाचे न लिहिलेले नियम

आहेराच्या पाकिटात १०० ऐवजी १०१ रुपये घालावेत, असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पाहुण्यांकडे गेल्यावर चपला दाराबाहेर काढाव्यात, असंही नाही. तरी बहुतेक जण ते न सांगता करतात. कोणी कसं वागावं याबद्दल समाजाच्या ज्या अपेक्षा असतात, त्यांना समाजशास्त्रात ‘सामाजिक नियमनं’ म्हणतात.

संस्कृती म्हणजे फक्त सणवार नाहीत

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये संस्कृतीची व्याख्या केली. ज्ञान, श्रद्धा आणि कला यांच्यासोबत त्यांनी नीती, कायदा, रूढी आणि सवयीही संस्कृतीत धरल्या. या गोष्टी माणूस जन्मतः घेऊन येत नाही, समाजात राहून शिकतो. म्हणूनच त्या बदलूही शकतात.

नियमनांचे प्रकार कोणते?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम समनर यांनी १९०६ मध्ये ‘फोकवेज’ या पुस्तकात नियमनांमधला फरक मांडला.

• लोकरीती: रोजच्या वागण्याच्या पद्धती. मोडल्या तर लोक फार तर नावं ठेवतात.

• लोकनीती: ज्या रूढींशी समाज नीती-अनीती जोडतो त्या. मोडल्या तर अपमान होतो, कधी वाळीत टाकलं जातं.

• कायदा: लिखित नियम. मोडला तर शिक्षा शासन देतं.

कायदा झाला, पण रूढी?

हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला १८५६ मध्येच कायद्याने मान्यता मिळाली. तरीही १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा कोकणातल्या मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. म्हणजे कायदा होऊन ३७ वर्षं उलटली, तरी लोकनीती तिथेच होती.

विशेष म्हणजे, महाराष्ट्रातल्या अनेक जातींमध्ये विधवेचा ‘पाट’ लावण्याची रीत आधीपासून होती. एका घरात जे पाप ठरत होतं, ते दुसऱ्या घरात रीतीला धरून होतं.

हेरवाडने काय केलं?

पतीच्या निधनानंतर पत्नीचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा कोणत्याही कायद्याने सक्तीच्या केलेल्या नाहीत. अनेकदा शेजारच्या आणि नात्यातल्या बायकाच त्या पार पाडतात. त्यातल्या कुणाला मनातून हे पटत नसलं, तरी चारचौघांत ‘नको’ कोण म्हणणार, हा प्रश्न असतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ते राजर्षी शाहू महाराजांचं स्मृतिशताब्दी वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं.

अशा ठरावाचं बळ शिक्षेत नसतं. गावाने जाहीरपणे ‘नको’ म्हटलं की एकट्या बाईवर किंवा एकाच घरावर बोट ठेवणं अवघड होतं. ‘लोक काय म्हणतील?’ या प्रश्नाचं उत्तर लोकांनीच आधी दिलेलं असतं.

मग कायद्याचा उपयोग काय?

रूढी मोडणाऱ्याला संरक्षण देणं, हा एक उपयोग. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. कुणाला वाळीत टाकल्याचं सिद्ध झालं, तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पण हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा बाईला बोलवायचं की नाही, हे कोणतंही कलम ठरवत नाही. ते यजमानीणच ठरवते.