पीसीओएस : आत्मनियमन आणि मनःस्वास्थ्य

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, या विकाराचे वर्णन शिकागोतील स्टाइन व लेव्हेंथाल यांनी 1935 मध्ये केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील 10 ते 13 टक्के स्त्रियांना तो असतो. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारे बीजांडकोशांचे विशिष्ट रूप, यांपैकी दोन गोष्टी आढळल्या आणि इतर विकार वगळले गेले, की निदान होते (रॉटरडॅम निकष, 2003). मनाला या निकषांत जागा नाही. प्रत्यक्षात नैराश्य व चिंता या स्त्रियांत इतरांपेक्षा अधिक आढळतात. म्हणून निदान होताच दोन्हींची चाचपणी करावी, असे 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

हा विकार सांभाळायला आत्मनियमन लागते. आत्मनियमन म्हणजे ध्येय ठरवणे, स्वतःच्या वागण्यावर लक्ष ठेवणे, भावना ओळखून सावरणे आणि घडी विस्कटली की पुन्हा बसवणे. पाळीच्या तारखा, झोप, चालणे यांची नोंद त्यातलीच. पण इथे शरीरच साथ देत नाही. हनुवटीवरचे केस थ्रेडिंग करूनही चार दिवसांत डोके वर काढतात, आणि लग्नकार्यात एखादी मावशी ‘किती सुटलीस गं!’ म्हणून मोकळी होते. अशा वेळी सगळे खापर इच्छाशक्तीवर फोडणे अन्यायाचेच. खाण्यावरचा कडक पहाराही उलटू शकतो, कारण अनियंत्रित खाण्याचे विकार या स्त्रियांत अधिक दिसतात. त्यामुळे वजनकाट्यापेक्षा छोट्या, झेपतील अशा उद्दिष्टांवर भर देतात. गरजेनुसार समुपदेशन, संज्ञानात्मक वर्तनोपचार वा औषधे दिली जातात.