मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके

आठवीत असताना माझ्या टाकीतल्या चार गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आले. कुणीतरी वरून मीठ भुरभुरल्यासारखे. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली. तीन दिवसांत ठिपके गेले. मी औषध बंद केलं आणि शाळाभर फुशारकी मारली. पुढच्या आठवड्यात चारही मासे मेले.

माझं काय चुकलं, ते खूप वर्षांनी या रोगाचा इतिहास वाचताना कळलं.

१८६९ साली हिल्गेनडॉर्फ आणि पाउलिकी या जर्मन संशोधकांनी माशांच्या कातडीतल्या या एकपेशीय परजीवीबद्दल लिहिलं. १८७६ मध्ये फ्रान्सच्या फूके यांनी त्याचं नाव ठेवलं: 'इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस'. अर्थ साधा, माशाची बहुप्रसवा ऊ. नावातच सगळं होतं. ठिपका म्हणजे कातडीखाली बसून माशाला खाणारा एक जीव. तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडून नवा मासा शोधत पोहतात, तेवढ्याच वेळात औषध त्यांना मारू शकतं. माझ्या टाकीतले ठिपके बरे झाले नव्हते, फक्त तळाशी गेले होते.

गंमत म्हणजे त्याच १८७६ साली जर्मनीत हाइनरिश कारो यांनी मिथिलीन ब्लू हा कापडाचा रंग बनवला. सूक्ष्मजीव रंगवणारा रंग त्यांना मारूही शकेल, या विचाराने पाउल एर्लिश यांनी १८९१ मध्ये तो मलेरियाच्या रुग्णांना दिला. पुढे असेच रंग माशांच्या टाकीत आले. मॅलकाइट ग्रीन जास्त प्रभावी ठरला, पण तो विषारी. खायच्या माशांवर वापरायला युरोप-अमेरिकेत त्याला बंदी आहे.

आज माझ्याकडे पुन्हा टाकी आहे. नवा मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत राहतो. जाळीसुद्धा वेगळी. ठिपके दिसलेच तर माशांना सोसेल इतपत पाणी हळूहळू कोमट करायचं, म्हणजे परजीवीचं चक्र लवकर फिरतं. हवेचा पंप वाढवायचा, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. आणि ठिपके गेल्यावरही औषध चालू ठेवायचं.

त्या बाटलीवर किती दिवस द्यायचं ते लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं.