खारपाणपट्ट्यातला समुद्र

1930 साली मिठाच्या सत्याग्रहासाठी वऱ्हाडच्या लोकांना समुद्रावर जावे लागले नाही; अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासूनच मीठ काढले गेले. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात एवढा खार आहे म्हणजे इथे कधीकाळी समुद्र असणार, असे पुष्कळजण ठामपणे सांगतात. पुरावा मात्र नदीच्या बाजूने झुकतो. समुद्र आटला असता तर शंखशिंपल्यांचे जाड थर दिसायला हवेत. पूर्णेच्या खोऱ्यात दिसतो तो चिकणमाती, वाळू आणि चुनखड्यांचा गाळ, काही ठिकाणी शेकडो मीटर खोल. त्याखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी जमीन खचली आणि तो खोलगट भाग नदी भरत राहिली. लाव्ह्याच्या आधी समुद्र असेल म्हणावे, तर अमरावतीच्या उत्तरेला सालबर्डीजवळ लाव्ह्याखालच्या थरांत झाडपाला खाणाऱ्या अजस्र डायनासोरांची हाडे मिळाली आहेत. ते जमिनीवरचे प्राणी.

मग खार आला कुठून? खडक झिजताना क्षार सुटतात. बेताचा पाऊस, कडक ऊन आणि पाणी अडवून धरणारी चिकण माती यांमुळे ते वाहून न जाता साचतात. म्हणून या पट्ट्यात धरणाचे पाणी आणण्याआधी निचऱ्याची सोय करा.