पाचांपैकी तीन



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस बेसबॉलवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. संयोजकांनीही मला विषय दोनदा विचारून घेतला. पण हा विषय मला माझ्या नातवाने दिला आहे, आणि नातवाने दिलेला विषय टाळता येत नाही.

ऑक्टोबर २०२२मध्ये मी लॉस एंजेलिसजवळ मुलीकडे होतो. नातू तेव्हा अकरा वर्षांचा, आणि डॉजर्स या तिथल्या संघाचा अगदी भक्त. त्या वर्षी डॉजर्सनी हंगामातल्या १६२ सामन्यांपैकी १११ जिंकले होते. त्यांच्याच गटातल्या सॅन डिएगोच्या पाद्रेस संघाने ८९. म्हणजे डॉजर्स २२ सामन्यांनी पुढे. दोघांच्या आपसातल्या १९ लढतींपैकी १४ डॉजर्सनी जिंकलेल्या. मग प्लेऑफमध्ये दोघं समोरासमोर आले. पाच सामन्यांची मालिका, आधी तीन जिंकेल तो पुढे. पाद्रेसनी ती ३-१ अशी जिंकली. चौथ्या सामन्यात डॉजर्स ३-० असे पुढे होते. सातव्या इनिंगमध्ये पाद्रेसनी पाच धावा काढल्या आणि सगळं संपलं.

नातू रडला नाही. त्याने टीव्ही बंद केला आणि मला विचारलं, "आजोबा, मग ते एकशे अकरा सामने जिंकले कशाला?"

मी म्हणालो, खेळात हारजीत असायचीच. उत्तर सुचलं नाही की म्हातारी माणसं असलंच काहीतरी बोलतात. आज त्या प्रश्नाला जरा नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आधी खेळाचा स्वभाव समजून घेऊ. बेसबॉलमध्ये उत्तम संघही साधारण तीन सामन्यांतला एक हरतो आणि सुमार संघही तीनांतला एक जिंकतो. जोरात मारलेला चेंडू थेट फील्डरच्या हातात जातो, आणि चुकून बॅटच्या कडेला लागलेला दोन खेळाडूंच्या मधोमध पडतो. म्हणून तर हंगाम एवढा लांब. सहा महिने जवळजवळ रोज खेळा, म्हणजे नशिबाचे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि कोण खरंच चांगलं, हे तक्त्यात दिसू लागतं.

आता छोट्या मालिकेचं गणित पाहू. समजा, एक संघ दुसऱ्यापेक्षा इतका सरस आहे की दहापैकी सहा सामने तो जिंकेल. बेसबॉलमध्ये हा फरक मोठाच म्हणायचा. तीनांपैकी दोनच्या मालिकेत तो जिंकण्याची शक्यता ६५ टक्के. पाचांपैकी तीनमध्ये ६८. सातांपैकी चारमध्ये ७१. म्हणजे सात सामने खेळवूनही शंभरातल्या २९ वेळा सरस संघ घरी जाणार. हा अपघात नव्हे. ही त्या रचनेतच ठेवलेली जागा आहे.

ही जागा हळूहळू कशी वाढत गेली, तो इतिहास थोडक्यात सांगतो. आजच्या अर्थाची पहिली वर्ल्ड सीरिज १९०३ची, नऊ सामन्यांपैकी पाच जिंकायची. १९०५पासून सातांपैकी चार. मधली १९१९ ते १९२१ ही तीन वर्षं सोडली तर तेच कायम राहिलं. दोन लीग, दोघींचे अव्वल संघ, आणि शेवटी एकच मालिका. पण त्या एका मालिकेतही धक्का बसायला वेळ लागला नाही. १९०६मध्ये शिकागो कब्जनी ११६ सामने जिंकले आणि फक्त ३६ हरले. समोर त्याच शहरातला व्हाइट सॉक्स. त्यांची फलंदाजीची सरासरी आपल्या लीगमध्ये सगळ्यांत कमी होती. ज्यांना चेंडू मारताच येत नाही असा चमत्कारिक संघ म्हणून त्यांची थट्टा व्हायची. त्यांनी कब्जना ४-२ असं हरवलं.

१९५४मध्ये क्लीव्हलँडने १११ सामने जिंकले आणि न्यूयॉर्क जायंट्सकडून सलग चार हरले. त्यातला पहिला सामना पाहण्यासारखा आहे. क्लीव्हलँडच्या व्हिक वर्ट्झने चेंडू सव्वाचारशे फुटांच्या आसपास लांब मारला. पण ते मैदान मध्यभागी फारच खोल होतं, आणि तिथे पाठमोरं धावत विली मेज यांनी तो झेलला. बाद. दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सने उजव्या कडेला जेमतेम दोनशे साठ फुटांचा फटका मारला. तिथे कुंपण जवळ होतं. होमरन, आणि सामना संपला. लांबचा फटका बाद, जवळचा विजयी. मेज यांचं कौशल्य अलौकिक होतं, यात वाद नाही. पण कुंपण कुठे असावं हे काही मेज यांनी ठरवलं नव्हतं.

१९६९मध्ये प्रत्येक लीगचे दोन गट झाले आणि वर्ल्ड सीरिजआधी पाच सामन्यांची आणखी एक मालिका आली. १९८५मध्ये ती सात सामन्यांची झाली. १९९५पासून तिच्याही आधी पाच सामन्यांची एक फेरी बसली. २०१२मध्ये त्याआधी एकाच सामन्याचा निकाल, आणि २०२२पासून त्या जागी तीन सामन्यांची मालिका. आता तीसपैकी बारा संघ प्लेऑफमध्ये येतात. जितके संघ जास्त, तितक्या गावांत सप्टेंबरमध्ये आशा जिवंत. तितकी तिकिटं, तितके टीव्हीचे पैसे. आणि विजेतेपदापर्यंत जायला नशिबाचे तितके जास्त उंबरठे.

आता चाहत्यांकडे येऊ.

१९७३मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी हंगामात फक्त ८२ सामने जिंकले होते, समोरच्या सिनसिनाटी रेड्सनी ९९. मालिका पाच सामन्यांची. तिसऱ्या सामन्यात रेड्सचा पीट रोझ आणि मेट्सचा बड हॅरेलसन यांची मारामारी झाली. नंतर रोझ डाव्या बाजूला आपल्या जागी उभा राहिला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्यावर मिळेल ते फेकायला सुरुवात केली, बाटल्यासुद्धा. सामना रेड्सना बहाल होण्याची वेळ आली. तेव्हा मेट्सचे व्यवस्थापक योगी बेरा, विली मेज, टॉम सीव्हर अशी मंडळी चालत त्या बाजूला गेली आणि त्यांनी आपल्याच लोकांना हात जोडले. गंमत बघा, मेट्स तेव्हा आरामात पुढे होते. पाचवा सामना जिंकून मेट्स पुढे गेले, तेव्हा लोक मैदानात घुसले आणि त्यांनी हिरवळ उपटून नेली. अनपेक्षित विजयसुद्धा माणसाला सहज पेलत नाही.

पराभव तर नाहीच पेलत. आणि मग लोक काय करतात? ते कारण शोधतात. इतिहास पाहिला तर ही कारणं साधारण तीन प्रकारची दिसतात.

पहिलं, शाप. १९४५च्या वर्ल्ड सीरिजला बिली सायनिस नावाचा एक गुत्तेवाला आपला बोकड घेऊन आला, बोकडाला हाकललं गेलं, आणि त्याने कब्जना शाप दिला अशी आख्यायिका. बॉस्टनने बेब रूथला न्यूयॉर्कला विकलं त्याचाही असाच शाप. तो २००४पर्यंत टिकला. हे आपल्याला अगदी ओळखीचं वाटेल. जिंकणारेही यातून सुटत नाहीत. २०२२च्या त्या मालिकेत दुसऱ्या सामन्यात डॉजर्सच्या मैदानावर एक रानहंस उतरला, आणि पाद्रेसच्या चाहत्यांनी त्याला शुभशकुन मानून डोक्यावर घेतलं. हरला तर बोकड, जिंकला तर हंस.

दुसरं, रचना. २०२२पासून अव्वल संघांना पहिल्या फेरीत सुट्टी मिळते. पहिल्या दोन वर्षांत अशा आठ संघांपैकी पाच पुढच्याच मालिकेत हरले. २०२३मध्ये तर १०० सामने जिंकलेले डॉजर्स ८४वाल्या ॲरिझोनाकडून ३-० असे हरले, १०१वाले बाल्टिमोर ३-० आणि १०४वाले अटलांटा ३-१. ओरड झाली की विश्रांतीमुळे खेळाडू गार पडतात. २०२४मध्ये चारपैकी तीन सुट्टीवाले जिंकले, आणि ओरड थंडावली. आठ मालिका हा पुरावा नव्हे. पण "आम्ही दुर्दैवी ठरलो" यापेक्षा "आमच्यावर अन्याय झाला" हे वाक्य मनाला सोसतं.

तिसरं कारण सगळ्यांत वाईट. माणूस.

१९८६च्या वर्ल्ड सीरिजच्या सहाव्या सामन्यात बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांतून चेंडू गेला. त्याआधीच एका भरकटलेल्या चेंडूवर न्यूयॉर्कने बरोबरी साधली होती, आणि सातवा सामना अजून बाकी होता. बॉस्टन तोही हरलं. दोष मात्र बकनरचा. २००८मध्ये त्याला बॉस्टनच्या मैदानावर मानाचा पहिला चेंडू टाकायला बोलावलं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मध्ये बावीस वर्षं गेली होती.

१४ ऑक्टोबर २००३, शिकागो. कब्ज मालिकेत ३-२ ने पुढे, सामन्यात ३-० ने पुढे, वर्ल्ड सीरिजला पाच आउट कमी. एक उंच चेंडू प्रेक्षकांच्या कडेला गेला. काही प्रेक्षकांनी हात पुढे केले, तुम्ही-मीही केला असता. एकाचा हात लागला, कब्जच्या फील्डरला झेल मिळाला नाही. त्यानंतर कब्जच्याच शॉर्टस्टॉपकडून सोपा चेंडू सुटला, आणि फ्लोरिडाने त्या इनिंगमध्ये आठ धावा काढल्या. दुसऱ्या दिवशीच्या सातव्या सामन्यात कब्ज ५-३ ने पुढे जाऊन हरले. हंगामाचा तक्ता पाहिला तर फ्लोरिडाचे विजय ९१, शिकागोचे ८८. म्हणजे हा धक्कासुद्धा धक्का नव्हता! पण त्या माणसाला पहारा देऊन मैदानाबाहेर काढावं लागलं, त्याच्या घरापाशी पोलीस ठेवावे लागले. पुढच्या फेब्रुवारीत तो चेंडू जाहीर समारंभात नष्ट केला. त्याचं नाव मी घेणार नाही. त्याने पुढे आयुष्यभर स्वतःला लोकांपासून दूर ठेवलं, तेवढा मान आपण ठेवू. २०१६मध्ये कब्ज अखेर जिंकले, १९०८नंतर पहिल्यांदा, तेव्हा क्लबने त्याला विजेत्यांची अंगठी दिली. चांगलं केलं. पण ज्याचा गुन्हाच नव्हता त्याला माफी कसली?

तत्त्वज्ञानात याला नैतिक नशिबाचा प्रश्न म्हणतात. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६मध्ये तो नीट मांडला. दोन माणसं तंतोतंत तीच कृती करतात. एकाच्या बाबतीत काही घडत नाही, दुसऱ्याच्या बाबतीत अनर्थ होतो. आपण दुसऱ्यालाच दोष देतो. त्या रात्री हात पुढे करणारे बरेच होते. लागला एकाचा.

आपल्याकडे गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत आणि पाचवं दैव आहे. असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असं पुढे म्हटलं आहे. आपण हे नेहमी अहंकाराविरुद्धचं वचन म्हणून शिकवतो. मला त्याची दुसरी बाजूही दिसते. जो केवळ *दुसऱ्यालाच* कर्ता समजतो, त्यालाही नीट दिसत नाही.

हे मी मोठ्या शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. माझ्या नोकरीच्या काळात एक विद्यार्थी होता. दोन वर्षं वर्गात त्याच्याइतकं वाचून येणारं कोणी नव्हतं. अंतिम परीक्षेच्या एका पेपरला घसरला आणि त्याचा पुढचा मार्ग बंद झाला. तो मला भेटायला आला तेव्हा मी म्हणालो, "कुठेतरी तूच कमी पडला असशील." दोन वर्षं मी त्याला स्वतः पाहिलं होतं. माझ्याकडे पूर्ण हंगामाचा तक्ता होता, आणि मी त्याला एका दुपारच्या निकालाने मोजलं. असं का म्हणालो? कारण परीक्षा न्याय्य असते, हा विश्वास मला शाबूत ठेवायचा होता. शिकागोच्या लोकांनाही तेच हवं होतं. तो मुलगा पुन्हा आला नाही.

छोटी मालिका बंद करा, असं माझं म्हणणं नाही. ती नसती तर पाद्रेसच्या गावाला ती रात्र मिळाली नसती. दुबळ्याला संधी असावी म्हणून आपण नशिबाला मुद्दाम आत बोलावतो, आणि ते योग्यच आहे. पण पाहुणा आपण बोलावलाय, हे लक्षात ठेवावं. त्याने ताट उलटलं तर शेजारी बसलेल्याला मारू नये.

नातवाला आता मी काय सांगेन? सांगेन की बाळा, ते एकशे अकरा सामने पुढे जाण्याचं तिकीट नव्हते. ते एकशे अकरा सामने होते, एकेका संध्याकाळी जिंकलेले, आणि त्यातले कितीतरी तू स्वतः पाहिलेस. पाच सामन्यांनी विजेता ठरतो. कोण किती चांगलं, हे त्यांना ठरवू देऊ नकोस. आणि कधी एखाद्याचा चेंडू सुटला, तर त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी मोज, त्या रात्री आणखी किती हात पुढे झाले होते.

तो आता मोठा झालाय. परवा फोनवर त्याला हे सांगायला लागलो तर म्हणाला, "आजोबा, २०२४मध्ये आम्ही जिंकलो की! पाद्रेसनाच हरवलं, तीन-दोन." पाचांपैकी तीन. त्या वेळी मालिका छोटी आहे, अशी त्याची काही तक्रार नव्हती.