जर्मन पिस्तुलाचे म्यान

आळंदच्या ईशान्येस बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात, बिज्जलाच्या राज्यात, तेथे हरळय्या नावाचे चर्मकार शरण राहत असत. आपल्या एका नमस्काराला बसवेश्वरांनी दोन नमस्कारांनी उत्तर दिले, ते ऋण फिटावे म्हणून या दांपत्याने स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी पादत्राणे शिवली, अशी कथा आहे. कथेचा भाग सोडला तरी तिच्यामागचा धंदा खरा आहे. तरवडाची साल, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावण्याची विद्या दख्खनच्या या पठारावर शतकानुशतके नांदली. चामडे कशाने टिकते आणि कशाने सडते, हे येथील कारागिराला पुस्तकाविना ठाऊक होते. आज ज्या वस्तूचा विचार करावयाचा आहे ती मात्र परदेशी कारागिराने शिवलेली आहे. ती म्हणजे जर्मन सैनिकाच्या कमरेचे पिस्तुलाचे म्यान, ज्याला आपण इंग्रजीवरून होल्स्टर म्हणतो.

ही वस्तू मराठी माणसाच्या वाटेत आली ती दोन महायुद्धांमुळे. डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी सापडल्या, तेव्हा समोरच्या तुर्की सैन्याची सूत्रे फील्ड मार्शल फॉन डेर गोल्ट्झ या जर्मन सेनानीकडे होती. एप्रिल १९१६ मध्ये तो बगदादला मरण पावला. दुसऱ्या महायुद्धात तर मराठा लाइट इन्फन्ट्रीची गाठ इटलीमध्ये थेट जर्मनांशीच पडली. १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी टायबरच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि तेथेच देह ठेवला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी अवस्थेत तीन ठाणी बंद पाडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा रणांगणांवर शत्रूचे पिस्तूल म्हणजे विजयाची खूण समजली जाई आणि सर्वच देशांच्या सैनिकांना तिचा मोह असे. परंतु पिस्तूल घरी ठेवण्यास परवाना हवा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे तो लागे, १९५९ च्या कायद्याप्रमाणेही लागतो. रिकाम्या कातडी म्यानाला कोणी परवाना विचारीत नाही. म्हणून शस्त्र सरकारजमा व्हावे आणि त्याचे म्यान खुंटीवर उरावे, हे स्वाभाविकच होय.

ते ओळखावे कसे? जर्मन सैन्याने १९०८ साली स्वीकारलेल्या लुगर पिस्तुलाचे म्यान एकदा पाहिले की विसरत नाही. जाड, ताठ कातडे. शिंपल्यासारखे फुगीर झाकण. ते पुढे ओढून बंद आणि बक्कल यांनी अडकवावयाचे. पुढच्या कडेला जादा मॅगझिनसाठी अरुंद उभा कप्पा असतो. झाकणाच्या आतल्या अंगाला एक इवलीशी पिशवी शिवलेली असते. तिच्यात पिस्तूल उघडण्याचे हत्यार राही. पिस्तुलाखालून गेलेला एक पट्टा असतो, तो वर ओढला की शस्त्र आपोआप हाती येते. पाठीवर कमरपट्ट्याची दोन घरे. जर्मन अधिकारी ते डाव्या बाजूस लावीत. १९३८ च्या वाल्थर पिस्तुलाचे म्यान आरंभी याच ढंगाचे होते. युद्ध लांबले तसे कातडे मऊ झाले, शिलाई कमी झाली आणि बक्कलाची जागा साध्या गुंडीने घेतली. टंचाई अशी वस्तूवर उमटते.

माउझर पिस्तुलाची गोष्ट निराळी. त्याचे म्यान अक्रोडाच्या लाकडाची पेटीच असे, आणि ती मुठीला मागून जोडली की बंदुकीच्या दस्त्याचे काम देई. हिंदुस्थानला हे पिस्तूल चांगलेच परिचित आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळविली. पुढच्याच वर्षी बालेश्वरच्या झुंजीत जतींद्रनाथ मुखर्जी आणि त्यांचे साथीदार यांच्या हाती माउझरच होती.

आकारावरून जात कळते. वर्ष आणि गाव कळण्यासाठी शिक्के वाचावे लागतात. पहिल्या महायुद्धातील म्यानावर कारखानदाराचे नाव, शहर व साल दाबून उमटविलेले असे, आणि जोडीला सैन्याच्या साहित्यभांडाराचा रोमन अंकांचा शिक्का. त्या युद्धाच्या आरंभी तपकिरी कातडे सर्रास होते. १९१५ पासून ते काळे करण्याची पद्धत पडली. हिटलरच्या काळात शिक्के बहुधा पाठीवर येतात: गरुड, त्याखाली तपासनिसाचा क्रमांक, आणि पिस्तुलाचे नाव, म्हणजे पी. ०८ किंवा पी. ३८. १९४१ च्या सुमारास कारखान्याचे नाव लोपून त्याच्या जागी तीन अक्षरांची खूण आली, कारण माल कोठे तयार होतो हे शत्रूला कळू द्यावयाचे नव्हते.

याच गरुडापायी बाजारात लबाडी शिरली आहे. गरुड असला की किंमत चढते. मग युद्धानंतरच्या पूर्व जर्मन पोलिसांच्या म्यानावर, किंवा काल शिवलेल्या नकलेवर, गरुड ठोकला जातो. खरा शिक्का वापराच्या आधीचा असतो. म्हणून झिजेच्या रेषा आणि सुरकुत्या त्याच्यावरून जातात. नकली शिक्का सुरकुत्यांवर स्वार झालेला दिसतो. टाक्यांचा दोरा तागी आहे की चकचकीत नायलॉनचा, हेही भिंगाने पाहावे. बक्कलाच्या बंदाची भोके वापराने लांबट झालेली असतात; सगळी भोके सारखी गोल दिसली तर संशय घ्यावा.

खरे संकट मात्र नकलेचे नाही, मायेचे आहे. दसऱ्याला घरातील शस्त्रे, अवजारे पुसून, तेल लावून, हळदकुंकू वाहण्याची आपली रीत आहे. लोखंडाला ते तेल मानवते. कातड्याला दरवर्षी खोबरेल किंवा एरंडेल पाजले की ते काळवंडते, चिकट होते, धूळ धरते, टाके कुजवते, आणि पितळी गुंडीभोवती हिरवा मेणचट थर साठतो. बूटपॉलिश त्याहून वाईट; शिक्क्याची अक्षरे त्याच्याखाली बुजतात. पूजा करावी, पण फूल आणि कुंकू शेजारी ठेवलेल्या तबकात वाहावे.

जुन्या कातड्याचा दुसरा रोग म्हणजे त्याची तांबूस भुकटी होऊन ती बोटांना लागणे. १९०१ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने ग्रंथबांधणीच्या चामड्याची तपासणी केली, तेव्हा काही झाडांच्या सालींनी कमावलेली चामडी या रोगाला विशेष बळी पडतात असे तिला आढळले. तरवडाने कमावलेला मद्रासकडील मालही त्या वर्गातच मोडतो. हिरड्याचा माल अधिक टिकतो. आपल्या कारागिरांचा हिरडा उगाच नव्हता! हा रोग जडला की तेलाने तो बरा होत नाही. तेथे हाताळणे थांबवावे आणि संग्रहालयाच्या जाणकाराकडून तो भाग घट्ट करून घ्यावा.

आळंदच्या बाजूच्या माळवदाच्या घरात उन्हाळ्यात पारा चाळिसांपलीकडे जातो, आणि पावसाळ्यात भिंती ओल धरतात. तेव्हा म्यान खुंटीला टांगू नये, देवळीत ठेवू नये, प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच कोंडू नये. आत बुरशी धरते. मऊ ब्रशाने धूळ झाडावी. आत पांढऱ्या, आम्लरहित कागदाचा सैल बोळा घालावा, म्हणजे आकार ढळत नाही. वर सुती कापड गुंडाळावे, आणि पेटी भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. ताठ झालेले झाकण जबरीने उघडू नये. ते घडीवर मोडते. परवान्याचे पिस्तूल घरी असेल तर तेही या म्यानात ठेवू नये, कारण कातड्यातील आम्लाने पोलादाला डाग पडतात.

आणि पेटीत एक चिठ्ठी असावी. ही वस्तू कोणी आणली, त्याची पलटण कोणती, तो कोणत्या साली कोणत्या मुलखात होता, आणि हे सारे कोणाच्या तोंडून कळले, एवढे तीवर पेन्सिलीने लिहावे. शाई ओलीत पसरते. चिठ्ठी गोंदाने चिकटवू नये. सुती दोऱ्याने कमरपट्ट्याच्या घरातून सैल बांधून ठेवावी.